दिल्लीहून सहा तास

हुरड्यात आलेल्या ज्वारीला कुणी विळा लावतं का? ताडकळसच्या बायनाबाईनं लावला. माघाचा महिना, कणसं भरलेली, दाणा अजून दुधात, आणि या बाईनं पांदीच्या कडेची दोन एकर ज्वारी बुडातून कापायला लावली. कापणारा मुंजाजी. तो तिच्या माहेरचा, चारठाण्याचा, बटईनं तिचं रान करायला इथं येऊन राहिलेला, म्हणजे त्या पिकात अर्धा वाटा त्याचाही होता. त्यानं दोनदा विचारलं, आक्का, नीट इचार केलाय न्हवं? बाई म्हणाली, केलाय, तुझी ज्वारी मी कणगीतून भरून देते, पण धसकट सुदिक ठेवू नकोस, चाकं अडतील.

चाकं कसली, तर विमानाची. बायनाबाईचा भाऊ भाचीच्या लग्नाला दिल्लीहून विमानानं येणार होता आणि ते विमान या दोन एकरांत उतरणार होतं. हसा, खुशाल हसा. सगळं गाव हसलं, तर तुम्हीच कशाला मागं राहता? पण हसून झालं की पुढचं ऐका.

हा भाऊ म्हणजे किसन. चारठाण्याला पटकीची साथ आली तेव्हा त्याची माय गेली. तो दीड वर्षाचा आणि बायना अकराची. त्या दिवसापासून हे पोर तिच्या कडेवर आलं ते उतरलंच नाही. तिचं लग्न होऊन वरात ताडकळसला निघाली तर गाडीत नवरीच्या मांडीवर हा बसलेला. वऱ्हाडातल्या बाया म्हणाल्या, अगं बाई, नवरी लेकरासकट आली की! बायनाबाईनं पदर पुढं ओढला, पण पोराला खाली ठेवलं नाही. पुढं त्याला परभणीच्या शाळेत घातलं, स्वतः लोकांच्या रानात खुरपायला गेली, नवऱ्याशी भांडली, पण पोराला शिकवलं. तो उर्दू शिकला, इंग्रजी शिकला, हैदराबादेला गेला, आणि लढाईच्या दिवसांत दिल्लीच्या कुठल्याशा सरकारी दफ्तरात चिकटला. किसनचा किशनराव झाला.

त्याला सहा वर्षं झाली. मधल्या काळात बायनाबाईचा नवरा वारला, तरी किशनराव आला नाही. पत्रं मात्र येत. गावच्या शाळेचे बन्सीधर मास्तर वाचून दाखवत. दर पत्रात तेच: दिल्ली फार लांब आहे, आक्का, तीन दिवस गाडीत काढावे लागतात, रजा मिळत नाही. दुसरी कुणी असती तर कुरकुरली असती. हिनं त्या लांबीचाच दागिना केला. पाणवठ्यावर म्हणायची, तुमचे भाऊ काय, हाक मारली की येतात. मपला भाऊ दिल्लीला हाय, तीन दिसांच्या वाटंवर.

लेक धुरपता उपवर झाली तेव्हा हीच दिल्ली कामी आली. सोनपेठचे चंद्रभान पाटील, तीन बैलजोड्यांचे धनी, ते या विधवेच्या घरी सोयरीक कशाला करतील? पण त्यांच्या कानावर गेलं की मुलीचा मामा दिल्लीला अंमलदार आहे. चंद्रभान पानसुपारीला आले आणि जाताना सरळ बोलून गेले, पोरीला बाप न्हाई त्याचं काही न्हाई, पण मामा तिच्या पाठीशी उभा दिसला पाहिजे, आमच्या सोयऱ्यांना मी तसं सांगितलंय. आणि इकडची रीतच अशी, अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि तिच्या अंगावर मामाचं पिवळं लुगडं लागतं. त्याशिवाय अक्षता पडत नाहीत. तेव्हा बायनाबाईच्या दृष्टीनं सगळं लग्न या एका माणसाच्या येण्यावर अडलेलं होतं.

तिनं पत्र धाडलं. उत्तर आलं आणि मास्तरांनी ते शाळेच्या ओट्यावर वाचलं, तेव्हा निम्मं गाव गोळा झालं. किशनरावानं लिहिलं होतं, आता दिल्ली ते हैदराबाद विमान सुरू झालंय, सहा तासांत पोचतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी दिल्लीहून निघेन, दुपारी हैदराबादेत, रात्रीच्या गाडीत बसून लग्नाच्या सकाळी पूर्णा ठेसनावर. आणि खाली गमतीनं एक ओळ: विमान तुझ्या शिवारावरूनच जाईल आक्का, दुपारी वर बघ, मी हात करीन.

मास्तरांचा असल्या गोष्टींत लय जीव. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला, सुतळीचा दोरा घेतला, दिल्लीवर एक टोक दाबलं, हैदराबादेवर दुसरं, आणि पट्टीवर मोजून सांगितलं की आठशे मैलांना थोडे कमी, म्हणजे चारशे कोस. बैलगाडी दिवसाला दहा कोस गेली तर चाळीस दिवस. विमान तासाला दीडशे मैल जातं, मधे नागपूरला टेकतं, म्हणजे सहा तास बरोबर. लोकांनी तोंडात बोटं घातली. बायनाबाई दोऱ्याकडं बघत होती. तिला अक्षर येत नसलं तरी डोळे होते. तिनं विचारलं, आपलं ताडकळस कुठं हाय? मास्तरांनी बोट ठेवलं. दोऱ्यापासून जेमतेम करंगळीएवढं लांब.

झालं. बाईच्या डोक्यात बसलं की विमान आपल्या गावावरून जाणार, मग हैदराबादेपर्यंत जाऊन रात्रभर रेल्वेनं माघारी यायचं कामून? वाटेत गाव लागतंय तर वाटेतच उतरावं. परभणीची मोटार कुणी हात केला की पांदीच्या तोंडाशी थांबते, मग हे का थांबणार नाही? खाली सपाट रान तेवढं पाहिजे. मास्तरांनी समजावलं, त्या करंगळीचे ऐंशी मैल होतात म्हणून सांगितलं, पण बाईनं ऐकलं नाही. आत बसलेला माणूस मपला भाऊ हाय, म्हणाली. खाली आपली आक्का दिसल्यावर तो उतरणार न्हाई व्हय?

लग्नाच्या आदल्या दिवशी त्या रानात जत्रा भरली. ज्वारी कापून, ढेकळं फोडून, वर सपाटीची फळी, पठाल, फिरवून मुंजाजीनं जमीन तळहातासारखी केली होती. बायनाबाईनं चारी कोपऱ्यांना सडा घातला, आणि धुरपतानं हळदीच्या अंगानं रांगोळी काढली. लोक बाराला आले, तीनला वैतागले, दिवस बुडायला घरी गेले. आभाळात घारींपलीकडं काही आलं नाही. बायनाबाईची मान अवघडली, पण तिनं धीर सोडला नाही. लांबून गेलं असंल, म्हणाली. सकाळच्या गाडीला येतोय की.

सकाळी मुंजाजी छकडा घेऊन पूर्णेला गेला. गाडी आली, गाडी गेली, मुंजाजी रिकामा परत आला. तोवर सोनपेठचं वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं होतं. दुपारी वऱ्हाडातली पोरं विचारायला लागली, मामा आभाळातून येयलाय म्हणं, मग शिडी लावायची का? चंद्रभान पाटील हसत नव्हते. मांडवाच्या खांबाला टेकून मिशी चावत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

गोरज मुहूर्ताला दोन घटका राहिल्या असतील, तेव्हा ठेसनावरून माणूस तार घेऊन आला. तार इंग्रजीत. मास्तरांनी एकेक शब्द लावून मोठ्यानं सांगितलं: दिल्लीत अडकलो आहे, हवा खराब, विमान रद्द, लग्न थांबवू नका, किशनराव.

चंद्रभान पुढं आले. म्हणाले, मास्तर, रागावू नका, पण हा मामा खरंच दिल्लीला हाय का? ही तार दिल्लीचीच हाय का, नीट बघून सांगा.

मास्तरांनी पुन्हा कागदावर मान घातली. यावेळी त्यांनी मजकूर वाचला नाही, वरची ओळ वाचली. तारेच्या कागदावर वरच्या अंगाला लिहिलेलं असतं, कुठल्या गावी किती वाजता दिली ते. बायनाबाई विधवा, म्हणून मांडवात न येता चुलघराच्या दारात उभी होती. तिनं मास्तरांचा चेहरा उतरताना पाहिला. मास्तर पाटलांना म्हणाले, चष्मा घेऊन येतो. आणि तारेसकट आत आले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"आक्का," ते हळू म्हणाले, "ही तार दिल्लीहून निघालेली न्हाई. हैदराबादेहून निघालीय. आज सकाळी दहाला."

बायनाबाईला पहिल्यांदा काही कळलंच नाही. उलट तिला आनंदच झाला. म्हणजे आला की जवळ, असं तिच्या तोंडून निघालं. मग तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"हैदराबादेहून हितं याला किती येळ लागतो?"

"एक रात्र. रात्री गाडीत बसलं की सकाळी पूर्णा."

"आन लिवलंय दिल्लीत अडकलो म्हणून."

"व्हय."

काय वाटलं असेल त्या बाईला, तुम्हीच सांगा. हवा खराब असती, गाडी चुकली असती, नोकरीवर साहेबानं अडवला असता, तर तिनं गोड मानून घेतलं असतं. माणसाच्या हातात सगळंच नसतं. पण एका रात्रीच्या वाटेवर बसलेला भाऊ, कडेवर वाढवलेला, तो तारेच्या कचेरीत उभा राहून तीन दिवसांचं अंतर लिहून देतो? हिच्या काळजाला घरं पडली. आणि रडायलासुद्धा सवड नव्हती, कारण बाहेर चंद्रभान उत्तराची वाट बघत होते आणि धुरपता बाशिंग बांधून बसली होती.

बायनाबाईनं डोळे पुसले. "भाईर जाऊन सांगा," ती म्हणाली, "दिल्लीचीच हाय म्हणून."

बन्सीधर मास्तरांनी उभ्या जन्मात आकड्याची लबाडी केली नव्हती. ते बाहेर गेले आणि भरल्या मांडवात म्हणाले, पाटील, दिल्लीचीच तार हाय. भावानं लिहिलेलं खोटं बहिणीला आपल्या दारात उभं राहून खरं करावं लागलं. चंद्रभान म्हणाले, तर मग देवाच्या हातची गोष्ट, उभा करा कुणालातरी. मुंजाजी उभा राहिला. माहेरच्या गावचा, म्हणजे नात्यानं भाऊच. त्याच्या बोटांना अजून ज्वारीचा हिरवा चीक होता. पिवळं लुगडं नव्हतं, म्हणून बायनाबाईनं पेटीतलं स्वतःचं जुनं हळदीत बुडवून दिलं. अक्षता पडल्या, लग्न लागलं.

पाठवणीला धुरपता गळ्यात पडली आणि म्हणाली, माय, मामा न्हाईच आला व. बायनाबाई म्हणाली, दिल्ली लय लांब हाय, बाई. एवढंच म्हणाली आणि तिला गाडीत बसवलं.

आता या किशनरावाची हुशारी बघा. तो आला. वऱ्हाड गेल्यावर, लग्नापासून दोन दिवसांनी, सकाळच्या गाडीनं. हिशेब चोख. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विमान उडालं असतं, दुपारी हैदराबादेला टेकलं असतं, रात्रीची गाडी मिळाली असती, तर माणूस नेमका याच सकाळी ताडकळसला पोचला असता. अंगात शेरवानी, डोक्यावर उंच टोपी, बारीक कोरलेली मिशी, हातात चामड्याची पेटी. ओट्यावर आला, वाकून बहिणीच्या पायाला हात लावला, आणि पेटीतून पिवळंधमक रेशमी लुगडं काढून तिच्यापुढं ठेवलं.

बायनाबाईनं त्याला पाणी दिलं. भाकरी टाकली, पिठलं केलं, वर तेल घातलं. बोलत होता तोच. जेवता जेवता विमानाचं वर्णन करायला लागला. दिल्लीला दोन दिवस धुकं कसं पडलं होतं, पंखे फिरायला लागले की कानात कसे दडे बसतात, नागपूरला उतरून चहा कसा देतात, वरून शेतं कशी वाकळेच्या ठिगळांसारखी दिसतात. लबाड बोलायचं तर किती रंगवून बोलावं माणसानं! बायनाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. लहानपणी गूळ चोरून खाल्ला की तो असाच भडाभडा बोलायचा, आणि हिला हसू यायचं. आज आलं नाही.

"आन एवढ्या लांबून किती येळ लागला?" तिनं विचारलं.

"सहा तास, आक्का. फक्त सहा तास."

"तार हैदराबादेची व्हती, किसन."

घास त्याच्या हातात राहिला. तो म्हणाला, मित्राला सांगितलं होतं, त्यानं तिथून केली. मग म्हणाला, तारेतली चूक असेल. बायनाबाई तव्यावरची भाकरी उलथत राहिली. तिनं त्याला दुसरी वाढली, पाणी वाढलं. आणि शेवटी पाण्याबरोबर वर आल्यासारखं त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. दिल्ली सोडून दोन वर्षं झाली होती. हैदराबादेत त्याला मोठी नोकरी लागली होती. तिथल्याच एका बड्या वकिलाची मुलगी त्यानं केली होती, एक मुलगा झाला होता. पत्रं तो दिल्लीच्या मित्राकडं धाडायचा आणि तो तिथून टपालात टाकायचा. लग्नाला येणारच होता, पेटी भरून, दोरी बांधून ठेवली होती. पण ऐन वेळी कळलं की चंद्रभानच्या सोयऱ्यांचा खटला सासऱ्याकडंच आहे, त्यांचं जाणं-येणं आहे. मांडवात त्यांनी ओळखलं असतं तर बातमी हैदराबादेला गेली असती.

बायनाबाईला खटल्याचं काही घेणं नव्हतं. भावाचं लग्न झालं आणि आपण करवली नव्हतो, भाचा झाला आणि आपण त्याला टोपडं शिवलं नाही, एवढंच तिच्या मनात रुतत चाललं होतं.

"कसली बातमी?" तिनं विचारलं. "भईन हाय म्हणून? बहीण असंल तर काय व्हतंय?"

किशनराव ताटात बोट फिरवत राहिला. "मी तिथं सांगितलंय, आमची जहागीर होती. घरातले सगळे पटकीत गेले."

"सगळे?"

"हो."

"मी बी?"

त्यानं मान हलवली, खाली, होकाराची. म्हणाला, तू रागावू नको आक्का, ते नुसतं बोलण्यापुरतं आहे, मी दर महिन्याला काही पाठवत जाईन, धुरपताला काही कमी पडू देणार नाही.

बायनाबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, राखेत दाबून विझवली. उठली, लुगडं घडी न मोडता त्याच्या पेटीवर ठेवलं, आणि अंगणात गेली. रांजणापाशी भरलेली घागर होती. माघाची थंडी, पाणी बर्फागत. तिनं घागर उचलली आणि नेसल्या लुगड्यानिशी, केस न सोडता, डोक्यावर उपडी केली. पाणी पायांपर्यंत ओघळलं, तशी तिनं दुसरी उचलली.

शेजारची दगडाबाई तेवढ्यात कुडापलीकडून चालली होती. ती तीन-चार वर्षांमागं इथं राहायला आलेली, तिनं किसनला कधी पाहिलेलं नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ म्हणजे कुठूनतरी मरणाची खबर आली, हे पोरालाही कळतं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"अगं बायनाबाई, कोण गेलं व?"

"भाऊ गेला," बायनाबाई म्हणाली. "दिल्लीला व्हता."

दगडाबाईनं तोंडावर हात मारला आणि तिथंच बसून गळा काढला. रडता रडता तिची नजर ओट्यावर गेली. किशनराव दारात उभा होता, उष्टा हात तसाच. तिनं पदरानं डोळे पुसून विचारलं, हे पाव्हणं कोण?

"ह्ये?" बायनाबाईनं तोंडावरचं पाणी निपटलं. "ह्येच खबर घिऊन आलेत."